छोट्या मॉसफेटचा थ्रेशोल्ड मोजताना: २एन७००० च्या नोंदी

२ नोव्हेंबर

एकाच नकाशाचे सहा बोर्ड तयार केले. ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, त्याच्या पिनवरून २एन७००० चं गेट आणि ड्रेनवर ५ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच). २एन७००० हा मॉसफेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर. त्याचे पाय तीन: गेट, ड्रेन आणि सोर्स. रिलेची कॉइल ७० ओहमची आहे आणि तिच्यावर उलटा डायोड आहेच. चार बोर्ड पहिल्या झटक्यात चालले. दोनांत रिले ओढतच नव्हता, कानाजवळ नेला तर फक्त बारीक गुणगुण ऐकू यायची.

त्या दोघांपायी दोन संध्याकाळी गेल्या. आधी प्रोग्रॅम तपासला, मग सगळे जोड पुन्हा तापवले, मग रिले बदलून पाहिले. शेवटी चांगल्या बोर्डावरचा ट्रान्झिस्टर काढून बिघडलेल्यावर लावला, तेव्हा बोर्ड चालू झाला. बिघाड ट्रान्झिस्टरबरोबर फिरत होता. पहिल्याच संध्याकाळी ही अदलाबदल केली असती तर एवढा वेळ गेला नसता.

डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) थ्रेशोल्ड, म्हणजे गेटला जेवढे व्होल्ट दिल्यावर ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागतो तो आकडा, ०.८ ते ३ व्होल्ट दिलाय. एवढ्या रुंद पट्ट्यात माझे नग कुठे बसतात ते कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून मोजायला घेतोय. पिशवीत २४ नग आहेत आणि बोर्डांवरून काढलेले दोन वेगळे ठेवलेत. पिशवीतल्या प्रत्येकावर बारीक चिकटपट्टी लावून नंबर टाकला. खाली जिथे नुसता एक आकडा येईल तिथे तो ७ नंबरच्या नगाचा समजा, सगळे प्रयोग त्याच्यावरच केले.

४ नोव्हेंबर

सर्वात सोपा उपाय आधी करून पाहिला. ड्रेनला १ किलोओहम आणि एलईडी, गेटला पॉटचा (फिरवून रोध बदलायच्या रेझिस्टरचा) मधला पाय. पॉट हळूहळू फिरवायचा आणि एलईडी उजळायला लागला की गेटवरचं व्होल्टेज वाचायचं.

संध्याकाळी १.८७ व्होल्ट आलं. खात्री करायला सकाळी पुन्हा मोजलं तर १.९५. तोच नग, तोच सप्लाय, तोच मीटर. मीटरची बॅटरी बदलून पाहिली तरी १.९५. रात्री परत १.८७ आलं तेव्हा उलगडा झाला. हल्लीचे एलईडी अंधारात काही मायक्रोॲम्पलाही दिसतात, खिडकीतून उजेड येत असला की जास्त करंट लागतो. करंट मी डोळ्याने मोजत होतो आणि खोलीतल्या उजेडाबरोबर माझं मोजमाप बदलत होतं.

याच जोडणीत आणखी एक गोष्ट दिसली, नवशिक्यांनी ती एकदा करून पाहावीच. एलईडी पेटलेला असताना गेटची वायर उपटली तर एलईडी पेटलेलाच राहतो. मी घड्याळ लावलं, चार मिनिटांनी कंटाळून थांबलो, तोवर तो तसाच होता. मग एक बोट सोर्सच्या वायरवर ठेवून दुसऱ्या बोटाने गेटला स्पर्श केला आणि एलईडी विझला. गेट म्हणजे इवलासा कपॅसिटरच, त्यातला चार्ज जायला वाट लागते. म्हणून कुठल्याही मोजणीत गेट लोंबकळत ठेवू नका.

५ नोव्हेंबर

डेटाशीट आज नीट वाचली. थ्रेशोल्डच्या ओळीतच अटी दिल्या आहेत: ड्रेन आणि गेटचं व्होल्टेज सारखं, करंट १ मिलिॲम्प. म्हणजे गेट आणि ड्रेन एकत्र बांधायचे, त्या जोडातून १ मिलिॲम्प सोडायचा आणि सोर्सच्या तुलनेत तिथे किती व्होल्ट आले ते वाचायचं. एलईडी नको, अंदाज नको.

९ व्होल्टचा सप्लाय, एक पॉट आणि ट्रान्झिस्टर अशी जोडणी केली आणि करंट हळूहळू वाढवायच्या बेताने पॉट फिरवला. उलट्या बाजूला. पॉट शून्यावर आला, सप्लायची करंट लिमिट पूर्ण उघडी होती. ट्रान्झिस्टर हाताला चटका बसेल इतका तापला आणि पॉटच्या आतली पट्टी जळाली. ३ नंबरचा नग गेला, पॉट गेला, तासभर गेला.

दोन गोष्टी बदलल्या. पॉटच्या आधी ४.७ किलोओहमचा पक्का रेझिस्टर टाकला आणि सप्लायची करंट लिमिट ३० मिलिॲम्पवर आणली. आता पॉट कुठेही गेला तरी १.५ मिलिॲम्पच्या वर काही जात नाही. पॉटच्या जागी २ किलोओहमचा प्रीसेट बसवला, बारीक फिरवायला तो बरा पडतो.

७ नोव्हेंबर

आजची चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात काहीच जळत नाही. आकडा येतो, तो दरवेळी तोच येतो आणि तरीही चुकीचा असतो.

करंट पाहायला मल्टिमीटर २ मिलिॲम्पच्या रेंजवर लावून सोर्स आणि ग्राउंडच्या मध्ये टाकला होता. दुसऱ्या मीटरने गेट ते ग्राउंड व्होल्टेज वाचलं, २.१८५ आलं. दहा नग मोजले, कागदावर लिहिले, समाधानाने उठलो.

चहा घेऊन परत आल्यावर ७ नंबर पुन्हा लावला. या वेळी मीटर चुकून २० मिलिॲम्पच्या रेंजवर राहिला होता. वाचन आलं २.०९५. तब्बल ९० मिलिव्होल्टचा फरक, फक्त रेंज बदलल्याने!

कारण साधं आहे. करंट मोजताना मीटरच्या आत रेझिस्टर असतो आणि मोजायचा करंट त्यातूनच जातो. माझ्या मीटरमध्ये २ मिलिॲम्पच्या रेंजला तो १०० ओहम आणि २० मिलिॲम्पच्या रेंजला १० ओहम आहे. दुसऱ्या मीटरच्या ओहम रेंजवर ठेवून तपासून घेतलं. १०० ओहममधून १ मिलिॲम्प म्हणजे १०० मिलिव्होल्ट, आणि ते मी ट्रान्झिस्टरचे समजून लिहीत होतो. दहाही वाचनं खोडली.

आता करंट मोजायला मीटर मध्ये घालतच नाही. वरच्या बाजूला, सप्लाय आणि ड्रेनच्या मध्ये, १ टक्क्याचा १ किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्या दोन टोकांत १.००० व्होल्ट दिसेपर्यंत प्रीसेट फिरवायचा, की झाला १ मिलिॲम्प. मग त्याच मीटरची टोकं ट्रान्झिस्टरच्या पायांवर, अगदी पायांवरच, टेकवायची. ब्रेडबोर्डच्या (सोल्डरशिवाय जोडणी करायच्या पाटीच्या) दुसऱ्या टोकाला टेकवली तर मधल्या क्लिपा आणि वायरींचं व्होल्टेजही वाचनात मिसळतं. एवढ्या करंटला ते नगण्य असतं, पण सवय आत्ताच लावलेली बरी. एकच मीटर पुरतो हा आणखी एक फायदा.

७ नंबर: २.०८५ व्होल्ट, १ मिलिॲम्पला.

प्रीसेट किती काटेकोर लावायचा, हेही पाहून घेतलं. करंट १.०१ मिलिॲम्प केला तर वाचन जेमतेम १ मिलिव्होल्टने वाढतं. तेव्हा १.००० आणण्यासाठी जीव काढू नका, ०.९९५ असलं तरी चालतं.

८ नोव्हेंबर

१४ नंबरचं वाचन ०.६२ व्होल्ट आलं. दोनदा तपासलं, ०.६२ च. इतका कमी थ्रेशोल्ड म्हणजे ३.३ व्होल्टला उत्तमच, असं वाटून तो बाजूलाही ठेवला. पण ०.६२ हा आकडा ओळखीचा वाटत होता. सिलिकॉन डायोड पुढच्या दिशेने एवढंच दाखवतो.

भिंगाखाली अक्षरं वाचली तर तो बीएस१७०, दुसऱ्याच जातीचा मॉसफेट. पिशवीत मिसळला होता. टीओ-९२ ची (या ट्रान्झिस्टरांच्या प्लास्टिकच्या डब्याची) सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर २एन७००० चे पाय डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन. बीएस१७० चे बरोब्बर उलटे: ड्रेन, गेट, सोर्स. म्हणजे मी गेट सोर्सला बांधलं होतं आणि करंट मॉसफेटच्या पोटातल्या बॉडी डायोडमधून जात होता. उलटा फिरवून लावल्यावर व्यवस्थित २.१ च्या आसपास आलं.

तुमच्याकडे ०.५ ते ०.७ च्या मधलं वाचन आलं तर आनंद होण्याआधी पाय तपासा. आणि सगळ्या नगांवरची अक्षरं भिंगाने वाचून घ्या. मला वीस मिनिटं लागली, आणखी एक बीएस१७० निघाला. २३ नंबर.

९ नोव्हेंबर

एक ओळखीचा माणूस त्याचा कॉम्पोनंट टेस्टर घेऊन आला. तीन पाय कुठेही खोचा, तो ट्रान्झिस्टर ओळखतो आणि थ्रेशोल्डही दाखवतो. ७ नंबरला त्याने २.२४ दाखवलं. माझं २.०८५. तो म्हणाला, तुझी जोडणी चुकतेय. कालपरवापर्यंत मीही तेच मानलं असतं.

या टेस्टरच्या प्रचलित रचनेत चाचणीच्या पायांना ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचे रेझिस्टर असतात आणि सप्लाय ५ व्होल्टचा. मॉसफेट चालू झाला असं तो ठरवतो तेव्हा ड्रेनमधून ६८० ओहमवाटे काही मिलिॲम्प वाहत असतात. म्हणून मी माझ्याच जोडणीत करंट ४ मिलिॲम्पवर नेला. वाचन: २.२४०.

दोन्ही यंत्रं बरोबर होती. आम्ही वेगवेगळे प्रश्न विचारत होतो, एवढंच. त्या क्षणापासून माझ्या वहीत थ्रेशोल्डचा एकही आकडा करंटशिवाय लिहिलेला नाही. एलईडीच्या त्या दोन वाचनांचाही मग राग राहिला नाही.

१० नोव्हेंबर

छोटी नोंद. ७ नंबर लावला, वाचन २.०८५ वर स्थिर. ट्रान्झिस्टरला दोन बोटांत धरून ठेवलं. आकडे खाली उतरू लागले: २.०८२, २.०७८, २.०७४. मिनिटभराने २.०७१ वर थांबले. बोटं सोडली की सावकाश परत वर.

तापमान वाढलं की थ्रेशोल्ड उतरतो, दर अंशाला साधारण २ ते ३ मिलिव्होल्ट. म्हणजे नग बोटांनी खोचला आणि लगेच वाचलं तर माझ्या हाताची ऊबही वाचनात येते. आता नग प्लास्टिकच्या चिमट्याने खोचतो आणि अर्धा मिनिट थांबूनच वाचतो. नगांची एकमेकांशी तुलना करायची असेल तर ती एकाच बैठकीत करा. सकाळचे दहा आणि भर दुपारचे दहा असं करू नका.

१२ आणि १३ नोव्हेंबर

१ मिलिॲम्पचा आकडा तुलनेला ठीक आहे, पण मला हवंय ते वेगळंच. ३.३ व्होल्टला हा ट्रान्झिस्टर किती करंट ओढू शकेल? त्यासाठी दुसरी पद्धत. गेट आणि ड्रेन बांधलेले असताना करंट हा थ्रेशोल्डच्या वरच्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून करंटचं वर्गमूळ काढून व्होल्टेजसमोर मांडलं की सरळ रेघ येते आणि ती रेघ शून्य करंटला जिथे टेकते तो थ्रेशोल्ड.

वर्गमुळांची कटकट टाळायला करंटच १, ४, ९ आणि १६ मिलिॲम्प निवडले. वर्गमुळं १, २, ३, ४. आलेखाच्या वहीत थेट मांडता येतात. १ मिलिॲम्पच्या वर मोजायचा रेझिस्टर १ किलोओहमऐवजी १०० ओहमचा घेतला आणि मालिकेतला पक्का रेझिस्टर करंटप्रमाणे बदलला.

पहिला दिवस वाया गेला. ९ मिलिॲम्पला वाचन एका जागी राहीना. हात जवळ नेला की २.३१, लांब घेतला की २.३९. मीटरची वायर हलवली तरी फरक. क्लिपा सैल असतील म्हणून ब्रेडबोर्ड बदलला, मग मीटर बदलला. काही उपयोग नाही. शेवटी ऑसिलोस्कोप मागून आणला. पडद्यावर जाड, झळाळता पट्टा दिसला, काही कोटी हर्ट्झवर ट्रान्झिस्टर आपोआप दोलन करत होता. १५ सेंटिमीटरच्या वायरींचं इंडक्टन्स आणि गेटचा कपॅसिटन्स मिळून झालेला हा ऑसिलेटर. मीटर बिचारा त्याची कशीबशी सरासरी दाखवत होता.

इलाज स्वस्तातला निघाला. गेटच्या पायाला अगदी चिकटून २२० ओहमचा रेझिस्टर, ड्रेन ते सोर्स ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि सगळ्या वायरी कापून बोटभर केल्या. गेटमधून स्थिर करंट जातच नाही, त्यामुळे २२० ओहममुळे वाचनात काही फरक पडत नाही. पट्टा नाहीसा झाला, वाचन स्थिर. हात फिरवून पाहणे ही आता माझी कायमची चाचणी आहे: हात जवळ नेल्यावर आकडा हलला तर तो आकडा लिहायचा नाही.

दुसऱ्या दिवशी नीट वाचनं घेतली. ४ मिलिॲम्पला २.२४०, ९ ला २.३७८, १६ ला २.५०८. पण रेघ सरळ येईना. पहिल्या टप्प्यात १३८ मिलिव्होल्ट, दुसऱ्यात १३०. वरच्या टोकाला वाकत होती. १६ मिलिॲम्पला मीटरकडे बघत बसलो तेव्हा कळलं. सुरुवातीला २.५२५ दिसतं आणि मिनिटभरात घसरत २.५०८ वर येतं. २.५ व्होल्ट गुणिले १६ मिलिॲम्प म्हणजे ४० मिलिवॉट. या डब्यातल्या २एन७००० साठी डेटाशीट दर वॉटला ३१२.५ अंश सांगते, म्हणजे आतली चिप बारा-साडेबारा अंशांनी तापत होती. मी बोटांनी केलं तेच करंट करत होता.

मग मालिकेत एक पुशबटन टाकलं. करंट आधी लावून ठेवायचा, बटन सोडून पंधरा सेकंद थांबायचं, मग दाबून पहिलं स्थिर वाचन लिहायचं आणि लगेच सोडायचं. अशी वाचनं: १ मिलिॲम्पला २.०८५, ४ ला २.२४०, ९ ला २.३८४, १६ ला २.५२५.

वरच्या तिघांची रेघ सुरेख सरळ आली, प्रत्येक पायरीला १४१ ते १४४ मिलिव्होल्ट. मागे वाढवली तर १.९५५ व्होल्टला टेकते. १ मिलिॲम्पचा बिंदू मात्र रेघेवर नाही, रेघेच्या हिशेबाने तिथे २.०९७ हवं होतं. तो बिंदू मी तीनदा मोजला आणि तो तसाच आहे. कारण पुढच्या नोंदीत.

१५ नोव्हेंबर

थ्रेशोल्डच्या खाली काय होतं ते पाहायची उत्सुकता होती. बोर्डांसाठी याची गरज नाही, पण एलईडीचं कोडं पूर्ण सोडवायचं होतं.

१०० मायक्रोॲम्पला १.९३२ व्होल्ट, १० मायक्रोॲम्पला १.८२१. करंट दहापट कमी केला आणि व्होल्टेज जेमतेम ११० मिलिव्होल्टने उतरलं. इथे वर्गाचा नियम चालत नाही, करंट घातांकाने वाढतो. १ मिलिॲम्पचा बिंदू या दोन प्रदेशांच्या सीमेवर पडतो, म्हणूनच तो रेघेवर बसला नाही. एलईडीचंही कळलं. रात्रीचं १.८७ म्हणजे ३० मायक्रोॲम्पच्या आसपास आणि सकाळचं १.९५ म्हणजे दीडशेच्या. अंधारात माझ्या डोळ्याला पाचपट कमी करंट पुरत होता.

१ मायक्रोॲम्पला मीटरने स्वतःच गडबड केली. ६.८ मेगाओहमचा रेझिस्टर लावला, हिशेबाने १.०७ मायक्रोॲम्प. वाचन १.७१५ आलं. सहज म्हणून दुसरा मीटरही त्याच दोन टोकांना लावला, तर पहिल्याचं वाचन १० मिलिव्होल्टने खाली! व्होल्ट मोजतानाही मीटर थोडा करंट पितो. १० मेगाओहमचा मीटर १.७ व्होल्टला ०.१७ मायक्रोॲम्प खातो, आणि इथे एकूण करंटच १ मायक्रोॲम्प आहे. तेव्हा ट्रान्झिस्टरला मिळत होते ०.९ च.

तुमचा मीटर खरंच १० मेगाओहमचा आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. बॅटरीचं व्होल्टेज आधी थेट मोजा, मग १० मेगाओहमचा रेझिस्टर मालिकेत घालून मोजा. वाचन निम्मं झालं तर आहे. माझा आहे. त्यामुळे त्याचा वाटा वजा करून करंट लिहितो, बफर वगैरे बांधला नाही. या टोकाला ट्रान्झिस्टरजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढू नका, नाहीतर विजेच्या तारांचा गुणगुणाट वाचनात शिरतो.

१६ नोव्हेंबर

सगळे नग एका बैठकीत मोजले, १ मिलिॲम्पला, खोलीचं तापमान २७ अंश. ३ नंबर आधीच गेलेला आणि दोन बीएस१७० बाजूला, म्हणून उरले २१. त्यातला ११ नंबर मोजतानाच मेला. आधी २.१४ दाखवलं. नंबराची पट्टी सुटत होती म्हणून काढून पुन्हा चिकटवली आणि परत लावला तर वाचन ०.८ आणि डळमळीत. गेट ते सोर्स ओहममध्ये पाहिलं तर ४ किलोओहम, जिथे काहीच दिसायला नको. चिकटपट्टी ओढून काढताना स्थिर वीज तयार होते, आणि या गेटची मर्यादा ±२० व्होल्टची. २ नोव्हेंबरला पट्ट्या लावल्या तेव्हा नशिबाने काही झालं नाही. पट्टी लावायची तर तिन्ही पाय आधी बारीक तारेने एकत्र गुंडाळा. त्याहून बरं, नंबर मार्करने लिहा.

उरलेल्या २० पैकी १९ नग १.९८ ते २.३१ व्होल्टच्या मध्ये. १८ नंबर एकटाच १.४१ वर आहे. त्याच्यावरची छपाईही थोडी वेगळी दिसते, दुसऱ्या खेपेचा असावा.

आणि बोर्डांवरून काढलेले ते दोन: २.५२ आणि २.५८.

१७ नोव्हेंबर

आता १३ तारखेच्या रेघेचा उपयोग. ७ नंबरची रेघ १.९५५ पासून सुरू होते आणि वर्गमुळाच्या प्रत्येक एककाला ०.१४२५ व्होल्ट चढते. गेटला ३.३ दिले तर १.३४५ व्होल्ट वर उरतात, भागिले ०.१४२५ म्हणजे ९.४४, त्याचा वर्ग ८९ मिलिॲम्प. कॉइलला ५ व्होल्टला ७१ लागतात. पुरतं, पण जेमतेम.

२.५२ वाल्याची रेघ तेवढीच चढती धरली तर ती २.३९ पासून सुरू होईल. वर उरतात ०.९१ व्होल्ट आणि करंट येतो ४१ मिलिॲम्प. त्याहून जास्त तो ओढूच शकत नाही.

प्रत्यक्ष मोजलं. गेटला ३.३, ड्रेनला कॉइल. ७ नंबरवर ड्रेनला ०.६५ व्होल्ट उरले, रिले टक्कन लागला. २.३१ वाल्यावर ०.९ उरले, तरी लागला. २.५२ वाल्यावर ड्रेनला २.२ व्होल्ट, म्हणजे कॉइलला २.८ आणि करंट ४० मिलिॲम्प. रिले गुणगुणला, लागला नाही. आरोप सिद्ध झाला.

पण हे दोन नग खराब नाहीत. डेटाशीट थ्रेशोल्ड ३ व्होल्टपर्यंत असू शकतो म्हणते आणि ड्रेन करंटची हमी देते ती गेटला ४.५ व्होल्ट असताना, किमान ७५ मिलिॲम्प. ३.३ व्होल्टबद्दल ती काहीच बोलत नाही. चूक माझ्या नकाशात होती. जे चार बोर्ड चालले तेही नगांच्या मेहरबानीवर चालत होते.

म्हणून कमी थ्रेशोल्डचे नग निवडून लावायचा मूळ बेत सोडला. उद्या कुणी दुरुस्तीला दुसऱ्या पिशवीतला २एन७००० लावला तर तोच घोळ पुन्हा.

२० नोव्हेंबर

सहाही बोर्डांवर आयआरएलएमएल२५०२ हे दुसऱ्या जातीचे मॉसफेट बसवले. त्याच्या डेटाशीटमध्ये चालू अवस्थेतला रोध गेटला २.५ व्होल्ट असतानाचा दिलेला आहे, ०.०८ ओहमपर्यंत. निवडताना पाहायची ओळ हीच. थ्रेशोल्डही दिलाय, ०.६ ते १.२, पण तो २५० मायक्रोॲम्पला. २एन७००० चा १ मिलिॲम्पला. दोन डेटाशीट शेजारी ठेवून ते आकडे थेट ताडू नका. ७ नंबर २५० मायक्रोॲम्पला १.९८५ दाखवतो, म्हणजे नुसत्या करंटच्या फरकाने १०० मिलिव्होल्ट.

हा एसओटी-२३ डब्यातला आहे, त्याचे पाय टीओ-९२ च्या भोकांत बसत नाहीत. तीन बारीक तारा सोल्डर करून आडवा बसवला. पहिल्या नगाला पाऊण तास लागला, सहाव्याला दहा मिनिटं. दोन नगांचे पाय उपटले गेले. लावण्याआधी प्रत्येकाचा थ्रेशोल्ड मोजला. १ किलोओहमवर ०.२५० व्होल्ट येईपर्यंत करंट कमी केला, मालिकेत २७ किलोओहम घातला. सहाही नग ०.८६ ते ०.९३ मध्ये.

आता ३.३ व्होल्टला कॉइल चालू असताना ड्रेनवर ३ ते ४ मिलिव्होल्ट उरतात, सहाही बोर्डांवर. रिले दोन दिवस दर मिनिटाला चालू-बंद करत ठेवलेत, एकही चुकला नाही.

२एन७००० चे नग डबीत ठेवले. डबीवर लिहिलं: १ मिलिॲम्प, २७ अंश, गेट-ड्रेन एकत्र.